पिशवीत मावणारा मराठी कॉम्प्युटर घरी कसा बांधायचा

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर माझ्या आत्तीचं गाव आहे. पावसाळ्यात तिथे लाईट कधी आली आणि कधी गेली याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तिच्याकडच्या जात्यावरच्या ओव्या मला उतरवून घ्यायच्या होत्या. वहीत लिहिल्या तर बेळगावला परत येऊन सगळ्या पुन्हा टाईप कराव्या लागतात. मोबाईलवर टाईप करायला गेलं तर अंगठे भरून येतात, आणि आपण काय लिहिलंय ते शेजारी बसलेल्या आत्तीला दिसतही नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकायची. म्हणून सुटे भाग जमवून एक छोटा कॉम्प्युटर बांधला. शाळेच्या पाटीएवढी प्लायवूडची पेटी, तिच्यात सात इंची स्क्रीन, अंगठ्याएवढ्या रुंदीचा बोर्ड (खरा कॉम्प्युटर म्हणजे हाच) आणि एक पॉवर बँक. एका चार्जवर तो सात-साडेसात तास लिहू देतो.

असा कॉम्प्युटर बांधायला इंजिनिअर असावं लागत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात हात काळे करणारा, शाळेत शिकवणारा, दुकान चालवणारा, कुणीही दोन रविवारांत हे करू शकतो. मी जशा क्रमाने करायला हवं होतं, पण केलं नाही, त्या क्रमाने इथे सांगतो.

सुरुवात वहीपासून

बोर्ड विकत घ्यायच्या आधी एक वही घ्या आणि तिच्यात वॅट लिहा. बहुतेक नवखे आधी बोर्ड घेतात, मग त्याला स्क्रीन शोधतात आणि शेवटी बॅटरीकडे वळतात. तिथेच सगळं अडतं. फिरत्या कॉम्प्युटरचं घर वीज चालवते, म्हणून हिशेबही तिच्यापासूनच सुरू करायचा.

हिशेब सोपा आहे. पॉवर बँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, आणि १० गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॅट-तास, म्हणजे एक वॅट खाणारी वस्तू ३७ तास चालेल एवढी वीज. हे ५ व्होल्टला चढवताना काही वीज उष्णतेत जाते. चांगल्या पॉवर बँकेतून साधारण ८५ टक्के हाती येते असं धरा, म्हणजे ३१ वॅट-तास उरले. बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून ६,००० च्या आसपास जो आकडा छापलेला असतो तो हाच, ५ व्होल्टवर मोजलेला. कंपनीने फसवलं असं समजू नका.

आता खर्चाची बाजू. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा बोर्ड साधं लिखाण करताना सव्वा ते दीड वॅट खातो. सात इंची एचडीएमआय (टीव्हीला असते तीच चित्राची जोडणी) स्क्रीन अडीच वॅटच्या आसपास. वायरलेस कीबोर्डचा डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा त्याचा छोटा तुकडा, नगण्य. एकूण चार वॅट. ३१ भागिले ४, म्हणजे पावणेआठ तास. त्यातून थोडं सोडून द्या आणि सात धरा. त्याऐवजी रास्पबेरी पाय ४ घेतला तर तो नुसता बसून राहिला तरी तीन वॅटच्या घरात असतो, काम करताना चार-पाच. स्क्रीन धरून साडेसहा-सात वॅट होतात, आणि तीच पॉवर बँक साडेचार तासांत रिकामी होते.

झीरोच्या हिशेबात एक गोष्ट डोळ्यांत भरते. कॉम्प्युटरपेक्षा स्क्रीन जास्त खाते. म्हणून बोर्ड निवडताना जेवढा विचार कराल त्याच्या दुप्पट स्क्रीनचा करा.

बोर्ड

पहिल्या बांधणीला मी झीरो २ डब्ल्यूच सुचवेन. तो ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. ६५ बाय ३० मिलिमीटरचा, चार गाभ्यांचा १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम. रॅम हीच त्याची मर्यादा. लिहिणं, वाचणं, फाइली जपणं हे तो निवांत करतो. लिब्रेऑफिस (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) उघडतो, पण चहा टाकून येईपर्यंत. ब्राउझरमध्ये दोन पानं उघडली की धाप लागते. नेटवरची कामं, ऑनलाईन फॉर्म, व्हिडिओ ही तुमची गरज असेल तर २ जीबीचा पाय ४ घ्या आणि मोठी पॉवर बँक बाळगा. पाय ५ या कामाला नको. त्याला ५ व्होल्टला ५ अँपिअरचा चार्जर लागतो, साध्या पॉवर बँकेवर तो कुरकुरत राहतो.

मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र), वायर, स्विच, स्क्रू हे बेळगावात चालता चालता मिळतं. बोर्ड ऑनलाईन मागवा, नाहीतर पुण्याला गेलात तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, बंगळूरला एस. पी. रोडला बघा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी बंगळूर, दिवसभर बाजार आणि रात्री परत, असं आमच्याकडचे बरेच जण करतात. भाव सारखे बदलतात, म्हणून इथे आकडे देत नाही.

बोर्डाबरोबर तीन बारक्या वस्तू विसरू नका. झीरोवर एचडीएमआयचं मोठं भोक नसतं, मिनी असतं, त्याचा अडॅप्टर घ्या. कीबोर्डच्या डोंगलसाठी मायक्रो यूएसबीची ओटीजी वायर घ्या, म्हणजे बोर्डाच्या छोट्या भोकात मोठं यूएसबी बसवणारी. आणि ३२ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड, ज्यावर ए-१ असं छापलेलं आहे असं. खोटी कार्डं बाजारात भरपूर फिरतात, ३२ छापतात आणि आत ८ निघतात. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा लिनक्सवर (आपल्या बोर्डावर विंडोजच्या जागी हीच फुकट प्रणाली चालते) एफ-थ्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. तासभर लागतो, पण तो वाचवू नका.

स्क्रीन, आणि आपल्या अक्षरांचा प्रश्न

असे छोटे कॉम्प्युटर बांधणारे परदेशातले लोक बरेचदा साडेतीन इंची किंवा पाच इंची स्क्रीन घेतात आणि काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दाखवणाऱ्या टर्मिनलमध्ये काम करतात. त्यांचं बघून मीही आधी पाच इंची, ८०० बाय ४८० ची घेतली. रोमन लिपीला ती पुरते. आपल्याला पुरत नाही.

देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. एक ओळ उभ्या जागेत तीन मजले घेते. पाच इंची पडद्यावर ‘दुसर्‍या’ आणि त्याच्या ऐवजी चुकून पडलेला ‘दुसर्या’ यांत फरकच कळेना. ऱ्या मधली ती चंद्रकोरीसारखी वळलेली रेघ जेमतेम दोन ठिपक्यांची दिसायची. आत्तीने चष्मा पुसला, पडदा जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाली, “मुंग्याच सोडल्यास की रे पोरा.” त्या संध्याकाळी मी अक्षर मोठं केलं तेव्हा पडद्यावर ओवीच्या चारच ओळी मावल्या.

म्हणून सात इंची, १०२४ बाय ६०० ठिपक्यांची स्क्रीन घ्या. आयपीएस प्रकारची मिळाली तर उत्तम, कारण ती बाजूनेही नीट दिसते आणि शेजारी बसलेल्या माणसाला वाचता येते. टच नसली तरी चालते. उजेड कमी-जास्त करायचं बटण असलेली बघा, उजेड अर्ध्यावर आणला की विजेत चांगला फरक पडतो. जुन्या लॅपटॉपची स्क्रीन काढून लावायचा मोह होतो, मलाही झाला होता. तिला वेगळा कंट्रोलर बोर्ड लागतो आणि तो बहुधा १२ व्होल्ट मागतो. पहिल्या बांधणीत ती वाट नको.

टर्मिनलचाही विचार सोडून द्या. लिनक्सच्या साध्या काळ्या पडद्याला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, क्ष-ज्ञ तर लांबच राहिले. मराठीसाठी खिडक्यांचं डेस्कटॉपच हवं. झीरोवर ते चालतं, फक्त एका वेळी एकच काम उघडं ठेवायचं.

वीज: इथे घाई नको

पहिल्या बांधणीला सुटे लिथियम सेल वापरू नका. तयार पॉवर बँक घ्या, दोन यूएसबी तोंडं असलेली. तिच्यात चार्जिंग, जास्त चार्ज होऊ न देणं, शॉर्ट झाल्यास तोडणं ही सगळी राखण आतच असते. एका तोंडातून बोर्डाला वीज, दुसऱ्यातून स्क्रीनला. दोघांची वाट वेगळी ठेवली की स्क्रीनचा भार बोर्डाच्या वायरीतून जात नाही.

आणि ही वायर म्हणजेच नवख्यांचा सगळ्यात मोठा खड्डा. पाय ४ वर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दिसलं तर बोर्डापर्यंत पोहोचणारा व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेला असं समजा. झीरो हे चिन्ह दाखवत नाही, तो नुसता अडखळतो किंवा आपणच बंद होऊन सुरू होतो. माझ्याकडे हे अडखळणं आठवडाभर चाललं होतं. मी पॉवर बँक बदलली, कार्ड बदललं, सॉफ्टवेअर पुन्हा भरलं. शेवटी मल्टिमीटर लावला, तर पॉवर बँकेच्या तोंडाशी ५.०५ आणि बोर्डाशी ४.५८. मधे होती फक्त एक मीटरची पातळ वायर.

याचं गणित शाळेतलं आहे. स्वस्त यूएसबी वायरीत २८ गेजची तार असते. गेज हे तारेच्या जाडीचं माप, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. तिचा रोध मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास. वीज जाते आणि परत येते, म्हणजे दोन मीटर, ०.४२ ओहम. बोर्डाने क्षणभर १ अँपिअर ओढला की ०.४२ व्होल्ट वायरीतच संपला. तीच वायर २० गेजची घेतली तर रोध मीटरला ०.०३३, आणि घट ०.०७ व्होल्टसुद्धा होत नाही. पेटीत तर वीस सेंटिमीटर वायर पुरते. म्हणून वायर जाड आणि आखूड. बाकी सगळं नंतर.

दुसरी परीक्षा पॉवर बँकेचीच घ्यायची. घरी चार्जर लावून पॉवर बँक चार्ज होत असताना कॉम्प्युटरही चालू राहावा, असं आपल्याला वाटतं. काही पॉवर बँका हे करतात. काही चार्जर लावताक्षणी किंवा काढताक्षणी निमिषभर वीज तोडतात. मोबाईलला ते कळतही नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. आत्तीकडे एका दुपारी मी चार्जर लावून लिहीत बसलो होतो, लाईट गेली आणि पडदा काळा झाला. परत सुरू केला तर कार्डवरची फाइल बिघडलेली. सकाळपासून उतरवलेल्या एकोणीस ओव्या गेल्या. आत्तीने त्या पुन्हा सांगितल्या, पण दोन ओव्या वेगळ्याच शब्दांत आल्या, आणि आधीचे शब्द तिलाही आठवेनात. म्हणून पेटीत बसवण्याआधी हे करा: कॉम्प्युटर चालू ठेवा, चार्जर दहा वेळा लावा आणि काढा. एकदाही पडदा लुकलुकला नाही तरच ती पॉवर बँक घ्या. लुकलुकला तर तिला मोबाईलसाठी ठेवा, आणि दुसरी आणेपर्यंत चार्जर न लावता काम करा.

सुटे सेल वापरायचेच असतील तर ते दुसऱ्या बांधणीत. १८६५० नावाचे सेल, १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, म्हणून ते नाव. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, ३ व्होल्टच्या खाली उतरवायचा नाही. एका सेलची खरी क्षमता साधारण ३,५०० एमएएचपर्यंत असते. ज्यावर ९,९०० छापलं आहे तो सेल हातात घेतल्यावरच हलका लागतो, तो परत ठेवा. दोन सेल शेजारी-शेजारी जोडताना दोघांचा व्होल्टेज मोजा, ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर जोडू नका, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात एकदम ओतला जातो आणि दोन्ही तापतात. टीपी-४०५६ हा निळा चार्जिंग बोर्ड सगळीकडे मिळतो, पण सेल चार्ज होत असताना त्याच सेलवर कॉम्प्युटर चालवला तर ‘आता भरला’ हे त्याला नीट कळत नाही, कारण प्रवाह दहा टक्क्यांवर आला की थांबायचं एवढंच तो जाणतो, आणि कॉम्प्युटर तो प्रवाह कमी होऊ देत नाही. फुगलेला, पिचकलेला, जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून उपटलेला सेल घरात आणू नका. गादीवर, पत्र्याच्या छपराखाली, बंद गाडीत चार्जिंग करू नका.

टेबलावरची जोडणी

पेटीचा विचार अजून नको. आधी सगळं टेबलावर मांडून चालवायचं.

घरातल्या, मित्राच्या किंवा सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर हे सॉफ्टवेअर उतरवा. त्यात आपला बोर्ड निवडा, मग रास्पबेरी पाय ओएस, ३२ बिटची, डेस्कटॉप असलेली. ५१२ एमबी रॅमला ६४ बिटपेक्षा ही हलकी पडते. सेटिंगमध्ये नाव, पासवर्ड, वायफाय आणि भारताची वेळ आधीच भरून ठेवा. झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं. मोबाईलचं हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर ते यादीत येणारच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ करा. यात माझे दोन मित्र अख्खा दिवस घालवून बसले होते.

कार्ड बोर्डात घाला. मिनी एचडीएमआय अडॅप्टर लावून स्क्रीन जोडा. झीरोवर एकसारखी दिसणारी दोन मायक्रो यूएसबी तोंडं आहेत. कोपऱ्याकडचं वीज घेण्याचं, मधलं कीबोर्डचं. ओटीजी वायर मधल्यात. सगळं बसल्यावर शेवटी वीज द्या. पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागतात, तो कार्डवर जागा आखून घेत असतो आणि मधे एकदा आपणच बंद होऊन सुरू होतो. हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका.

बंद करताना नेहमी मेनूतून बंद करायचा, हिरवा दिवा थांबला की मगच वीज काढायची. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

एकदा सगळं चाललं की पॉवर बँक पूर्ण भरा, एखादी मोठी फाइल उघडा आणि घड्याळ लावून ती संपेपर्यंत चालू ठेवा. वहीतल्या हिशेबाशी ताडून बघा. सात तास धरले आणि चार निघाले तर पॉवर बँक खोटी आहे किंवा स्क्रीन जास्त खातेय. यूएसबीत मधे लावायचा छोटा मीटर मिळतो, तो दोन्ही वायरींत लावून बघितला की चोर सापडतो.

मराठी आणि कन्नड

पहिल्यांदा मराठी फाइल उघडलीत आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका, फॉन्ट नाही एवढंच. सॉफ्टवेअर भरण्याच्या खिडकीत ‘लोहित’ शोधा, देवनागरीचा आणि कन्नडचा दोन्ही भरा. आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड. सातबाराचा उतारा वाचायचा, मुलाचं शाळेचं पुस्तक बघायचं तर कन्नड लागतंच. दोन्ही लिप्या नीट दिसतील असा कॉम्प्युटर आपल्या भागात हवा, आणि या छोट्या बोर्डावर तो फुकटात होतो.

टायपिंगला दोन वाटा. इनस्क्रिप्ट ही सरकारी कीबोर्ड मांडणी येत असेल तर प्रश्नच नाही, कारण ती भारतातल्या बहुतेक लिप्यांना एकच आहे. ज्या कळीवर मराठीचा क, त्याच कळीवर कन्नडचा. ऱ्य हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग हलन्तासाठी डी, मग य. ळ साठी शिफ्ट धरून एन. दोन आठवडे कळींवर कागदाच्या चिकटपट्ट्या लावल्या की हात बसतो.

रोमन कळींवरून उच्चाराप्रमाणे लिहायची सवय असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारत निवडून ‘मराठी, कगप’ ही मांडणी बघा. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. कन्नडसाठी बसवलेली ही पद्धत पुढे मराठीलाही लावली गेली, आणि ती लिनक्सच्या मूळ कीबोर्ड यादीतच आहे. वेगळं काही भरावं लागत नाही आणि रॅमही जात नाही. बेळगावच्या माणसाला याहून सोयीचं काय असणार, एकच हात दोन्ही भाषांत फिरतो.

इंग्रजी, मराठी, कन्नड असं सारखं बदलत राहायचं असेल तर आयबस हे भाषा बदलून देणारं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम-१७-एन हे जोडसॉफ्टवेअर भरा. आयबस अडखळला तर रास्पी-कॉन्फिग या बोर्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रगत पर्यायांत जाऊन वेलँडऐवजी एक्स-११ निवडा (खिडक्या पडद्यावर मांडायच्या या दोन पद्धती), माझ्याकडे त्यानेच सुरळीत झालं.

लिहायला माऊसपॅड हा साधा एडिटर आधीपासूनच असतो. मी सगळं त्यातच लिहितो. सजावट नंतर बेळगावात मोठ्या कॉम्प्युटरवर. इथे लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-नेटवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत असतो. छापखान्यात जुन्या श्रीलिपी फॉन्टवर काम चालत असेल तर तो तिथे बदलून घ्यावा लागेल, हे डीटीपीवाल्याला आधीच सांगून ठेवा.

पेटी

पत्र्याचा डबा नको. धातूच्या बंद डब्यात वायफाय गुदमरतं. मी सहा मिलिमीटरच्या प्लायवूडचा तळ आणि चार मिलिमीटरचं झाकण बेळगावच्या शहापुरातल्या एका सुतारमामांकडून कापून घेतलं. हातात लेझर कटिंगवाला असेल तर ॲक्रिलिकही छान, फक्त ते पडलं की फुटतं.

मांडणीत एक गोष्ट मला उशिरा सुचली. मी आधी बोर्ड खाली कीबोर्डच्या शेजारी ठेवला होता आणि स्क्रीन झाकणात. एचडीएमआयची ताठ वायर बिजागरीतून जायची, झाकण उघडताना ती स्प्रिंगसारखी ढकलायची आणि महिन्याभरात तिचं तोंड सैल झालं. आता बोर्ड स्क्रीनच्या पाठीशीच बसवला आहे. झाकणात बोर्ड आणि स्क्रीन, तळात पॉवर बँक आणि वायरलेस कीबोर्ड. बिजागरीतून जातात त्या फक्त विजेच्या दोन मऊ सिलिकॉन वायरी. तळात पॉवर बँकेचं वजन असल्यामुळे पेटी मागे कलंडतही नाही. पॉवर बँक पुढच्या बाजूला नको, बिजागरीकडेही नको, मधोमध ठेवा आणि वेल्क्रोने बांधा, म्हणजे काढून चार्ज करता येते.

बोर्डाची भोकं ५८ बाय २३ मिलिमीटरवर आहेत. कागदावर ठिपके मारून तो कागद लाकडावर चिकटवा आणि मग ड्रिल करा. एम-२.५ चे स्क्रू आणि पितळी स्पेसर लावा, बोर्ड लाकडाला टेकू देऊ नका. बोर्ड ८० अंश सेल्सिअसवर पोहोचला की आपला वेग आपणच कमी करतो. लिखाणात तो तिथवर जात नाही, पण झाकणाच्या वरच्या कडेला चार-पाच भोकं ठेवा, गरम हवा वर जाते.

सोल्डरिंग एवढ्या बांधणीत फक्त दोन विजेच्या वायरींपुरतं येतं. २५ वॅटचं आयर्न, चांगल्या प्रतीची सोल्डर तार, खिडकी उघडी. आधी फेकून द्यायच्या वायरींवर वीस सांधे करून बघा. चकचकीत, पसरलेला सांधा चांगला. मळकट गोळा झाला तर तो पुन्हा करा. सांध्यावर हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवल्याशिवाय वीज देऊ नका, आणि देण्याआधी मल्टिमीटरने अधिक-उणे बघा. उलटी वीज गेली तर बोर्ड एका क्षणात जातो.

घड्याळ आणि ओल

झीरोला स्वतःचं घड्याळ नसतं. नेट मिळालं की तो वेळ विचारून घेतो, नेट नसेल तर जिथे बंद पडला तिथूनच पुढे मोजतो. खेड्यात चार दिवस नेटशिवाय काम केलं की सगळ्या फाइलींवर चुकीच्या तारखा पडतात. डीएस-३२३१ नावाचा नाण्याएवढा घड्याळाचा मॉड्यूल मिळतो. रास्पबेरी पायसाठी बनवलेला, पाच पिनांवर सरळ बसणारा घ्या. झीरोवर पिना आधीच लावलेला ‘डब्ल्यूएच’ प्रकार घेतला तर इथेही सोल्डरिंग लागत नाही. कुणी कोणत्या दिवशी काय सांगितलं याची नोंद ज्यांना जपायची आहे त्यांनी हे टाळू नये.

खानापूरच्या पश्चिमेकडचा पाऊस बघितलेल्याला ओलीबद्दल वेगळं सांगायला नको. भिंतीवर बुरशी येते तशी ती बोर्डावरही येते. पेटीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, महिन्यातून एकदा वाळवून परत घाला. पावसातून आल्यावर पेटी लगेच सुरू करू नका, उघडून अर्धा तास चुलीच्या उबेत, पण धुरापासून लांब ठेवा. प्लायवूडला आतून-बाहेरून दोन हात पॉलिश दिलं तर ते फुगत नाही. माझ्या पहिल्या पेटीचं झाकण श्रावणात बंदच होईना, तेव्हा हे कळलं.

आत्तीकडे गेलो की अजूनही पेटी चौकटीशी ठेवतो, तिथे उजेड बरा असतो. अक्षर चोवीसच्या मापाचं. ती सांगते, मी टाईप करतो, मग ती चष्मा लावून पडद्यावर बोट ठेवत वाचते आणि “इथं ‘माझ्या’ न्हवं, ‘माज्या’ लिव्ह” म्हणून मला थांबवते. मी तसंच लिहितो. दर अर्ध्या तासाने फाइल सेव्ह, आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर. झीरोवर वस्तू जोडायला यूएसबीचं एकच तोंड असल्यामुळे त्यासाठी कीबोर्डचा डोंगल काढावा लागतो, किंवा ओटीजी वायरीऐवजी छोटा यूएसबी हब लावावा लागतो. हबच घ्या, पण विजेच्या वहीत त्याची एक ओळ वाढवा.